अकरावी सायन्सला विषय कोणते घ्यावेत? घरच्यांचं डोकं खाऊन झालं, आता तुमचं

कोरीपाटी

नमस्कार. इथे बरेच महिने नुसती वाचत होते, पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. यंदा दहावी झाली (स्टेट बोर्ड, सेमी), अकरावी सायन्सला दुसऱ्या राउंडला नंबर लागला, अ‍ॅडमिशन पण कन्फर्म केलं. आता कॉलेजने विषयांचा फॉर्म दिलाय तो सोमवारपर्यंत भरून द्यायचाय. इंग्लिश कंपल्सरी, फिजिक्स केमिस्ट्री सगळेच घेतात. पुढे मात्र मॅथ्स आणि बायो दोन्ही, किंवा त्यातलं एक सोडून दुसरं काहीतरी, मग दुसरी भाषा मराठी/हिंदी/संस्कृत नाहीतर त्याऐवजी आयटी. शिवाय इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर सायन्सचं बायफोकल (व्होकेशनल विषय) आहे ते अजून वेगळंच.

माझं असं आहे की मला बायो मनापासून आवडतं पण डॉक्टर व्हायचं नाहीये. हे घरी बोललं की सगळे "मग बायो कशाला" म्हणतात. मॅथ्स जमतं, खूप आवडतं असं नाही, पण अडलेलं गणित सुटलं की बरं वाटतं. आणि दहावीत सगळ्यात जास्त आवडायचा तो भूगोल, जो सायन्सवाल्यांना पण घेता येतो असं मी कुठेतरी वाचलंय पण आमच्या फॉर्मवर नाहीये. बाबा म्हणतात पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो चारही) घे, सगळे रस्ते मोकळे राहतात. क्लासचे सर म्हणतात ग्रुप (मॅथ्सचा की बायोचा) आत्ताच ठरव, दोन डगरींवर पाय ठेवू नको. मैत्रीण म्हणते संस्कृत घे, मार्क पडतात. आई म्हणते तुला हवं ते घे पण नंतर रडायचं नाही.

तुम्ही सगळ्यांनी कसं ठरवलं होतं? आणि खरंच एवढा फरक पडतो का?

टवाळखोर

आईचं ऐक. बाकीचे फुकट सल्ला देतायत, तिने निदान अट तरी घातलीय.

नटबोल्ट

पीसीएमबी घे आणि बारावीला जाताना एक सोडून दे. आमच्या वर्गात अर्ध्या लोकांनी हेच केलेलं. फार विचार करू नकोस, इंजिनियरिंगला गेल्यावर अकरावीला काय घेतलं होतं ते कुणी विचारत नाही.

पेनकिलर

@नटबोल्ट, मुलीने इंजिनियरिंगला जायचंय असं कुठे लिहिलंय? :))

खडूफळा

कोरीपाटी, मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो. दर जुलैमध्ये हा फॉर्म हातात धरून उभी असलेली मुलं आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून बघणारे पालक बघतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी आकडेमोड समजून घे. बोर्डाला सहा विषय. इंग्लिश, दुसरी भाषा किंवा आयटी, आणि चार ऐच्छिक. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो यांना ७० लेखी आणि ३० प्रॅक्टिकल. मॅथ्स आणि भाषांना ८० अधिक २०. बायफोकल घेतलंस तर तो एकटा विषय २०० मार्कांचा, तो दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक अशा दोघांची जागा खातो. म्हणजे कॉम्प्युटर सायन्सचं बायफोकल घेणारा मुलगा साधारणपणे इंग्लिश, पीसीएम आणि कॉम्प्युटर एवढंच करतो, बायो नाही, संस्कृत नाही. तुला बायो आवडतं म्हणतेस तर तो रस्ता तुझ्यासाठी बंदच समज.

आता भूगोल. तू बरोबर वाचलंयस, बोर्डाच्या यादीत सायन्ससाठी भूगोल आहे. पण बोर्डाची यादी आणि कॉलेजची यादी यात फार फरक असतो हे कुणी मुलांना सांगतच नाही. कॉलेजकडे त्या विषयाचे मान्यताप्राप्त शिक्षक हवेत, एक बॅच भरेल एवढी मुलं हवीत, आणि वेळापत्रकात तो तास बायोच्या किंवा मॅथ्सच्या तासासमोर बसायला हवा. जिथे आर्ट्स पण आहे अशा कॉलेजात भूगोलाचे शिक्षक असतात, पण त्यांचे तास आर्ट्सच्या वेळेला. सायन्सचं प्रॅक्टिकल नेमकं तेव्हाच. त्यामुळे विषय "निवडतो" वगैरे आपण म्हणतो, खरं तर वेळापत्रक बनवणाऱ्या सरांनी जे मागच्या वर्षी ठरवलं त्यातलं उचलतो. तरी ऑफिसात एकदा विचारून बघ. विचारलं नाही तर ते कधीच सुरू होणार नाही.

@नटबोल्ट, बारावीला विषय सोडता येतो हे खरं पण ते "सोडून दिला" इतकं सोपं नाही. बोर्डाला सहा विषय दाखवायलाच लागतात, त्यामुळे एक सोडला की दुसरा घ्यावा लागतो, त्याची अकरावी तुम्ही केलेली नसते, अर्ज करावा लागतो आणि तो मुदतीत करावा लागतो. दरवर्षी दोनचार जण मुदत संपल्यावर येतात आणि मग बारावीभर नको असलेल्या विषयाची जर्नल लिहितात.

नटबोल्ट

बरं सर. आमच्या वेळी कारकून काका चांगले होते बहुतेक.

आईगं

माझ्या लेकाचं दोन वर्षांपूर्वी झालं, त्यामुळे हा धागा वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे ऑनलाइन फॉर्मचं एवढं टेन्शन घेतलं होतं (पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, हे कळल्यावर तर मी यादी रात्री तीनदा बदलली) की कॉलेज लागल्यावर विषयांचं पण ठरवायचंय हे लक्षातच नव्हतं. रांगेत उभ्या उभ्या पुढच्या मुलाने जे टिक केलं ते याने केलं. आता बीएस्सी करतोय, मजेत आहे. म्हणजे काळजी करू नका असं सांगायचंय, पण आमच्यासारखं करू पण नका.

शेवाळ

मी बेडूक मोजते. म्हणजे पोटापाण्यासाठी, खरंच. पश्चिम घाटात पावसाळ्यात टॉर्च घेऊन फिरायचं आणि लिहून ठेवायचं. त्यामुळे "बायो आवडतं पण डॉक्टर नाही" हे वाक्य वाचून लिहायला बसले.

सगळ्यात आधी, मॅथ्स सोडू नकोस. बायोवाल्यांना वाटतं आपण गणितातून सुटलो आणि मग एमएस्सीला स्टॅटिस्टिक्स येऊन मानगुटीवर बसतं. एक साधं उदाहरण देते. एका तळ्यात बेडूक किती? सगळे तर पकडता येत नाहीत. मग पहिल्या रात्री समज ४० पकडले, खूण केली, सोडले. काही दिवसांनी परत गेलो, ५० पकडले, त्यात खूण असलेले निघाले १०. म्हणजे पकडलेल्यांत पाचातला एक खुणेचा. मग सगळ्या तळ्यात पण साधारण तेच प्रमाण असणार, म्हणजे ४० हे एकूणच्या एक पंचमांश, एकूण अंदाजे २००. हे झालं आठवीचं गणित. पण मधल्या काळात काही मेले, काही दुसऱ्या तळ्यात गेले, एकदा पकडलेला दुसऱ्यांदा सापडायला घाबरतो, हे सगळं धरायचं तर प्रोबॅबिलिटी लागते, आणि तिथे माझ्यासारखे लोक रात्र रात्र रडतात.

दुसरं म्हणजे पुण्यात आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था आहे (२००६ पासून), देशात अजूनही आहेत. तिथे बारावीनंतर पाच वर्षांचा बीएस-एमएस कोर्स असतो. त्यांच्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स बायो प्रत्येकी १५. बायो घेतलं नसेल तरी बायोचे प्रश्न येतातच, मॅथ्स नसेल तरी मॅथ्सचे. अर्ज करायला चारातले तीन विषय असले तरी चालतं, पण पेपरात चारही समोर असतात. डॉक्टर नाही इंजिनियर नाही असं म्हणणाऱ्या मुलांना ही परीक्षा बारावीच्या मार्चमध्ये कळते. तुला आत्ता कळली.

आणि भूगोलाचं दुःख करू नकोस, फील्डवर्क केलंस की तो आपोआप येतो.

कोरीपाटी

बेडूक मोजते हे खरंच एक काम असतं??? बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले पगार विचार.

शेवाळ

बाबांना सांग प्रोजेक्ट असेपर्यंत असतो. :)

जुनाइंटर

आमच्या वेळी मॅट्रिक म्हणजे अकरावी. १९७५ साली जुनी अकरावी आणि नवी दहावी एकदमच बाहेर पडली आणि घराघरात मोठा आणि धाकटा भाऊ एकाच वर्षी "एस्सेस्सी पास" झाले. आमच्याकडे तसंच झालं, मी मात्र त्याच्या काही वर्षं आधीचा. मॅट्रिक झाली की थेट कॉलेज, पहिलं वर्ष प्री-डिग्री आणि मग इंटर सायन्स. परीक्षा विद्यापीठाची. इंटरला ए ग्रुप म्हणजे गणित, बी ग्रुप म्हणजे जीवशास्त्र. ए वाले इंजिनियरिंगकडे डोळे लावून, बी वाले मेडिकलकडे, आणि ज्यांचं काहीच नाही झालं ते बीएस्सी. तेव्हाही हेच होतं, नावं बदलली.

गंमत म्हणजे आम्हाला कुणी विचारलंच नाही. वडिलांनी फॉर्मवर ए लिहिलं, मी सही केली. चॉइस नव्हता म्हणून पश्चात्तापही नव्हता. हल्लीच्या मुलांना चॉइस आहे म्हणून एवढं टेन्शन.

पेनकिलर

काका, आदर आहे पण पटलं नाही. वडिलांनी बी लिहिलं असतं आणि तुम्हाला रक्त बघून चक्कर आली असती तर पश्चात्ताप झाला असता की नाही?

जुनाइंटर

चक्कर येते अजूनही. मुद्दा मान्य.

पेनकिलर

मी एमबीबीएस तिसऱ्या वर्षाला. मी बी ग्रुपच घेतला, मॅथ्स सोडलं, चौथा विषय म्हणून जे मिळालं ते घेतलं. माझं ठरलेलं होतं. नीटमध्ये (मेडिकलची प्रवेश परीक्षा) १८० प्रश्न, त्यातले ९० बायोचे, ४५ फिजिक्स, ४५ केमिस्ट्री, एकूण ७२०. अर्धा पेपर बायो असताना मॅथ्सला रोज दोन तास देणं मला परवडलं नसतं. फिजिक्सला जेवढं कॅल्क्युलस लागतं तेवढं वेगळं शिकले.

म्हणून मला ते "सगळे रस्ते मोकळे" फारसं पटत नाही. रस्ते मोकळे असतात, चालायला पाय दोनच. पीसीएमबी म्हणजे तीन विषयांची प्रॅक्टिकल, तीन जर्नल, त्यात क्लास. एकाच आठवड्यात पोटेन्शियोमीटरचा नल पॉइंट सापडत नाही म्हणून जॉकी तारेवर सरकवत बसा, दुसऱ्या दिवशी सॉल्ट अ‍ॅनालिसिसला नायट्रेटची ब्राउन रिंग यायच्या आत टेस्ट ट्यूब हलली की संपलं, परत नव्याने, आणि तिसऱ्या दिवशी देठाचा असा सेक्शन कापायचा की मायक्रोस्कोपखाली एकाच पेशीचा थर दिसेल. माझा पहिला सेक्शन बघून मॅडम म्हणाल्या हा सेक्शन नाही, हा भाजीचा तुकडा आहे.

खडूफळा

ब्राउन रिंगला सल्फ्युरिक अ‍ॅसिड नळीच्या कडेने हळू सोडायचं असतं, ओतायचं नसतं. दर बॅचला सांगतो. दर बॅच ओतते.

टवाळखोर

सर सुट्टीतही शिकवतायत.

बेळगावकरीण

आमच्याकडे कर्नाटकात अकरावी-बारावीला पीयूसी म्हणतात, पहिलं आणि दुसरं वर्ष. दोन भाषा आणि चार विषय, ६०० मार्क. पण आमच्याकडे विषय सुटे निवडत नाहीत, कॉम्बिनेशन निवडतात. पीसीएमबी, पीसीएमसी (शेवटचा सी कॉम्प्युटर), पीसीएमई (इलेक्ट्रॉनिक्स). कॉमर्सला पण तसंच, सेबा म्हणजे स्टॅटिस्टिक्स, इकॉनॉमिक्स, बिझनेस स्टडीज, अकाउंटन्सी. कॉलेजच्या बोर्डावर ही अक्षरं लिहिलेली असतात आणि नवीन माणसाला वाटतं बसचे नंबर आहेत. कोण काय करतंय हे विचारायची पण एक पद्धत, "कुठलं कॉम्बिनेशन?", आडनाव नंतर.

मी मराठी माध्यमातून दहावी केली. पीयूसीला सगळं इंग्लिश, बाहेर कन्नड, घरी मराठी. पहिले तीन-चार महिने मी बायोच्या तासाला फळ्यावरची आकृती काढून घ्यायचे आणि नावांची जागा कोरी सोडायचे, घरी जाऊन भरायचे. आकृती आधी समजलेली असायची म्हणून नावं पटकन बसली. ज्यांचं माध्यम बदलणार आहे त्यांना सांगते, पहिल्या चाचणीत मार्क पडले तर विषय चुकला असं लगेच समजू नका, कदाचित भाषाच अजून बसलेली नसेल. माझ्या वर्गातल्या दोघींनी त्याच भीतीने सायन्स सोडलं.

अजून एक. कर्नाटकात इंजिनियरिंगच्या रँकला सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) अर्धी आणि पीयूसीचे पीसीएमचे मार्क अर्धे धरतात. त्यामुळे बोर्डाकडे ढुंकून न बघता नुसता क्लास असं करता येत नाही. तुमच्याकडे कसं आहे?

नटबोल्ट

आमच्याकडे आता सगळं सीईटीवर. बोर्डात पात्रतेपुरते मार्क काढायचे. आमच्या आधीच्या लोकांना सीईटी नव्हती तेव्हा बारावीच्या पीसीएमवर अ‍ॅडमिशन, अर्ध्या मार्कावरून रिव्हॅल्युएशनला पळायचे. मध्ये २०१४ आणि २०१५ ला जेईई मेन (देशपातळीवरची इंजिनियरिंग प्रवेश परीक्षा) धरून झालं, परत २०१६ पासून सीईटी. त्यामुळे कोरीपाटी, भाषेचा फार विचार करू नको. मराठी घे, संस्कृत घे, फरक शून्य.

खडूफळा

शून्य नाही. एनआयटी आणि आयआयटीला बारावीत ७५ टक्क्यांची अट आहे (किंवा बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये), आणि तिथे जे पाच विषय धरतात त्यात पीसीएमबरोबर एक भाषा असते. दरवर्षी एखादा हुशार पोरगा जेईईत चांगला पर्सेंटाइल घेऊन येतो आणि बोर्डात ७३ वर अडकतो. त्याच्या इंग्लिशच्या पेपरावर नजर टाकली की कारण कळतं.

आणि "अकरावी म्हणजे आराम" हा गैरसमज पण इथेच खोडतो. आपल्या सीईटीत अकरावीला साधारण २० टक्के वजन, त्यामुळे पोरं अकरावी मनावर घेत नाहीत. पण जेईई आणि नीटला अकरावी पूर्ण आहे. अकरावीचं मोल कन्सेप्ट कच्चं राहिलं तर बारावीच्या इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत मी काहीही करू शकत नाही.

अर्धविराम

आला, शेवटी भाषेचा विषय आला. वाटच बघत होते.

संस्कृत "स्कोअरिंग" म्हणून घेणारे पाहिलेत भरपूर. आठवीपासून असेल तर घ्या, मजा येते, श्लोकांचा अर्थ लागायला लागला की वेगळाच आनंद असतो. पण नसेल आणि मैत्रीण म्हणाली म्हणून अकरावीला नव्याने घ्याल तर रूपं पाठ करता करता फिजिक्स राहील. आयटी घेणाऱ्यांचं मला कळतं, परीक्षा कॉम्प्युटरवर, प्रॅक्टिकल २० मार्कांचं, लिहायचा त्रास नाही. पण मग दोन वर्षं मराठीचा एक परिच्छेद सुद्धा लिहायचा नाही आणि नंतर सोसायटीची नोटीस काढायला मला फोन करायचा, हे चालणार नाही.

टवाळखोर

फोन कुणी केला होता ते आम्हाला कळलंय. दिवे घ्या.

अर्धविराम

तू गप रे.

लेजरबुक

सगळे सायन्समध्येच गोल फिरताय म्हणून जरा वेगळं. मी कॉमर्सचा. आमच्याकडे बीके (बुककीपिंग), ओसी (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स), इको, आणि मग मॅथ्स की एसपी हा महायुद्धाचा विषय. एसपी म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, पत्रं लिहा, डिव्हिडंड कळवा, इत्यादी. नव्वद टक्के वर्ग एसपीला पळाला (आकडा माझ्या डोळ्यांचा, मोजलेला नाही). मी मॅथ्स ठेवलं आणि सीए फाउंडेशनच्या गणिताच्या पेपरला त्याचा फायदा झाला. पण माझा एक मित्र एसपीवाला, तो माझ्या आधी सीए झाला. तेव्हा काढा काय अर्थ काढायचा तो.

कोरीपाटी, तुला भूगोल एवढा आवडतो तर आर्ट्सचा विचार तरी केलास का? की दहावीला मार्क चांगले पडले म्हणजे सायन्स, एवढंच?

आकडेमोड

लेजरबुक यांना +१. आणि आर्ट्स म्हणजे गणित संपलं हाही गैरसमज आहे. बोर्डात आर्ट्सला गणित घेता येतं. कोलकात्याच्या आयएसआयच्या (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) बीस्टॅट या पदवीला बारावीत मॅथ्स आणि इंग्लिश हवं, फिजिक्स केमिस्ट्रीची अट नाही. म्हणजे भूगोल, इकॉनॉमिक्स, मॅथ्स घेऊन आर्ट्सवाली मुलगी तिथली परीक्षा देऊ शकते. परीक्षा महाकठीण आहे हा वेगळा मुद्दा. पण परत खडूफळा सरांचाच प्रश्न, आर्ट्सला मॅथ्सचा वर्ग कुठलं कॉलेज चालवतं? मला माझ्या शहरात एकही सापडलं नव्हतं, मग मुकाट्याने सायन्स.

उलट बाजूने पण सांगतो. मॅथ्स नसल्याने नेमकं काय बंद होतं ते बघ. इंजिनियरिंगच्या बऱ्याच शाखा, आर्किटेक्चर, पायलट व्हायचं तर फिजिक्स-मॅथ्स, एनडीएतून एअर फोर्स किंवा नेव्ही तिथेही मॅथ्स लागतंच. बायो नसल्याने काय बंद होतं? मेडिकल आणि त्याच्या आजूबाजूचं, नर्सिंग, फिजिओ, व्हेटर्नरी. फार्मसी आणि बीएस्सी अ‍ॅग्रीला पीसीएम असो की पीसीबी, दोन्ही चालतं. तुला यातलं पहिलंही नको आणि दुसरंही नको असेल तर तू विनाकारण घाबरतेयस.

शेवाळ

इंडियन फॉरेस्ट सर्व्हिस पण त्यात घाला. पदवी बॉटनी, झूलॉजी, जिऑलॉजी, मॅथ्स, स्टॅटिस्टिक्स, अ‍ॅग्री, इंजिनियरिंग यातली कुठलीही चालते. दोन्हीकडून रस्ता आहे.

पेनकिलर

आणि बंद म्हणजे पूर्वीसारखं कायमचं बंद पण राहिलं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मेडिकल कमिशनने सांगितलं की बारावीनंतर बायो जादा विषय म्हणून वेगळा दिला तरी नीटला बसता येईल. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद) पण २०२१ मध्ये इंजिनियरिंगच्या काही शाखांसाठी पीसीएमची सक्ती सैल केली, प्रत्यक्षात आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अजून पीसीएमच मागतात. माझ्या बॅचला एक जण आहे, आधी पीसीएम केलं, नंतर एक वर्ष बायो.

आईगं

हे "नंतर एक वर्ष" ऐकायला बरं वाटतं हो, पण ते वर्ष घरात काढणाऱ्या मुलाला शेजारचे काय काय विचारतात ते पण लिहा. माझ्या बहिणीच्या मुलीने ड्रॉप घेतला होता. लग्नाकार्याला जायचं बंद केलं तिने.

टवाळखोर

ड्रॉप न घेता पण मी लग्नकार्याला जाणं बंद केलंय. शिफारस करतो.

कोरीपाटी

बापरे, शाळेतून आले तर केवढे रिप्लाय! (शाळेतून म्हणजे कॉलेजातून, सवय जात नाही.)

@लेजरबुक दादा, खरं सांगू का, हो, मार्क पडले म्हणून सायन्स एवढंच होतं. आर्ट्सचं घरी नाव काढलं नाही. पण काढलं असतं तरी मी कदाचित सायन्सच घेतलं असतं कारण मला प्रॅक्टिकल करायचीत. पेनकिलर ताईने ज्या गोष्टी त्रास म्हणून लिहिल्यात ना, त्या वाचून मला उलट कधी एकदा लॅब सुरू होते असं झालं.

सर, मी आज ऑफिसात भूगोलाचं विचारलं. मॅडमनी आधी "तू आर्ट्सची का" विचारलं. मग म्हणाल्या किमान एक बॅच भरली तर बघू. मी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, मला धरून तिघं झालो. त्यातला एक म्हणे सोपा असतो म्हणून. म्हणजे ते नाहीच होणार.

आता दोन प्रश्न. पीसीएमबी घेतलं तर सीईटीचे दोन्ही ग्रुप देता येतात का? आणि क्लास लावला नाही तर चालतं का, कारण क्लासचे सर म्हणतात दोन्ही ग्रुपची फी वेगळी वेगळी.

नटबोल्ट

दोन्ही देता येतात. पीसीएमचा पेपर वेगळा, पीसीबीचा वेगळा, स्कोअर पण वेगळे. पीसीएममध्ये मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, फिजिक्स केमिस्ट्रीचे एक-एकचे. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे शेवटच्या दोन मिनिटांत राहिलेल्या सगळ्या प्रश्नांना काहीतरी उत्तर टिक करून यायचं.

खडूफळा

क्लासबद्दल मी बोललो तर लोक म्हणतील मास्तर आहे, बोलणारच. तरी बोलतो. हल्ली बरीच मुलं नावाला कॉलेजात आणि दिवसभर क्लासमध्ये असतात, प्रॅक्टिकलला सुद्धा येत नाहीत. वर्षाच्या शेवटी जर्नल सह्यांना येतात, सगळी एकाच हस्ताक्षरात. तिथे अमुक क्लास वाईट असं मला म्हणायचं नाहीये. पण तुला लॅब हवीय म्हणतेस, तर ज्या व्यवस्थेत लॅबच नाही तिथे दोन वर्षांचे पैसे आधी भरण्याआधी विचार कर. पहिली चाचणी होऊ दे. कुठला विषय एकटीला झेपत नाही ते तेव्हा कळेल, त्या एका विषयाचा क्लास लाव. सगळ्यांचं पॅकेज घ्यायलाच पाहिजे असं नाही.

जुनाइंटर

मास्तरांशी सहमत. आमच्या वेळी क्लासला जाणारा "ढ" समजायचे, चोरून जायचे लोक.

पेनकिलर

नीट द्यायची असती तर मी क्लास लाव म्हणाले असते, ते खोटं बोलणार नाही. तू देणार नाहीस तर सरांचं ऐक.

बेळगावकरीण

मग काय घेतेयस शेवटी? उत्सुकता लागलीय.

कोरीपाटी

भरला फॉर्म. इंग्लिश, पीसीएमबी, मराठी. संस्कृत आठवीपासून नव्हतं म्हणून सोडलं, आयटीची सीट शिल्लक होती पण अर्धविराम ताईंची भीती वाटली. बाबा खूश आहेत कारण त्यांना वाटतंय त्यांचं ऐकलं. मी ते आयसरचे मागचे पेपर बघितले, बायोचे प्रश्न बरे वाटले, मॅथ्सचे बघून पान बंद केलं. क्लास सध्या नाही.

अर्धविराम

शाब्बास. अडलं तर विचार, मराठीचं. निबंध लिहून देणार नाही.

पेनकिलर

मला अजूनही वाटतं बारावीत तुला चौघांचा भार होईल. ऑक्टोबरमध्ये परत लिही इथे, बघू कोण बरोबर होतं.

आकडेमोड

मॅथ्सचं पान बंद करायचं नाही. रोज एक प्रश्न, अकरावीच्या धड्यांतला. अडला की इथे टाक, मला तसंही ऑफिसात काम नसतं.

खडूफळा

आणि विषय बदलायची कॉलेजची शेवटची तारीख नोटीस बोर्डवर लागेल तेव्हा फोटो काढून ठेव. बदलायचा नसला तरी.

आईगं

सर, ते कॉमर्सवाल्यांना आयटी आणि मॅथ्स दोन्ही घेता येतं का? धाकटी पुढच्या वर्षी दहावीला आहे.

लेजरबुक

घेता येतं, कॉलेजात दोन्हीच्या बॅच असतील तर. आमच्याकडे नव्हत्या.